पुरवणी खंडातलं कार्ड

माझ्या नवऱ्याचा विषय निघाला की लोक एकच गोष्ट बोलतात: फार सरळमार्गी माणूस. बोलणाऱ्यांचं काय जातं! सरळमार्गी माणसाबरोबर सत्तावीस वर्षं एका छपराखाली काढून दाखवा, मग आपण बोलू.

हे सगळ्यात वरच्या कोर्टाच्या ग्रंथालयात कामाला. सगळ्यात वरचं म्हणजे जिथे निकाल लागला की पुढे जायला जागाच नाही, ते कोर्ट. ग्रंथालय मात्र तळघरात. बारा पायऱ्या उतरायच्या, लोखंडी कपाटं, दिवसाढवळ्या ट्यूबलाइट, आणि वास जुन्या कागदाचा नि खळीचा. खळ कशाला, तर राज्यघटनेत दुरुस्ती झाली की छापील चिठ्ठ्या येतात आणि प्रत्येक प्रतीत त्या त्या कलमावर चिकटवाव्या लागतात. हे चिठ्ठीच्या फक्त वरच्या कडेला खळ लावत. चिठ्ठी उचलली की खालचा जुना मजकूर वाचता आला पाहिजे. एकदा दुसऱ्या कोणीतरी चारही कडा चिकटवून टाकल्या, तर ह्यांनी दोन दिवस ती पानं किटलीच्या वाफेवर धरून चिठ्ठ्या सोडवल्या. बोटं भाजून घेतली. मी म्हटलं, "अहो, रद्द झालेलं कोण वाचणार आहे?" तर म्हणाले, "रद्द झालं म्हणजे नव्हतंच असं नाही ना."

दुसरं काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ज्या जुन्या मंडळींनी घटना लिहिली त्यांनी एकेका कलमावर आठवडेच्या आठवडे वाद घातले होते. ते सगळं बोलणं एकतीस जाड खंडांत छापलेलं आहे, पण कुठे काय आहे ह्याची सूची कोणी केली नव्हती. ह्यांनी केली. हाताने. एकेका कलमाला एक खण, खणात पोस्टकार्डाएवढी कार्डं: कोण काय बोललं, कुठला खंड, कुठलं पान. त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली ते कार्ड कोणी कधी मागितलं त्याची नोंद. बावीस वर्षं, रोज डबा खाऊन झाल्यावर. कोर्टातले लोक ह्यांना टाचणराव म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ह्यांना त्याचा आनंद होतो. आता काय बोलायचं!

न्यायाधीशांनाही तिथे टोपणनावं होती. एक आजोबा, एक नातू. आजोबांचं म्हणणं असं, की घटनेतल्या वाक्याचा अर्थ ज्या दिवशी ते लिहिलं त्या दिवशी जो होता तोच. पटत नसेल तर लोकांनी निवडून दिलेल्यांकडून बदलून घ्या, न्यायाधीशाने खुर्चीत बसून बदलू नये. नातूंचं म्हणणं, लिहिणारे गेले, राहायचं आपल्याला आहे. त्यांनी तत्त्व सांगितलं, ते आजच्या माणसांना लावून बघणं हे आपलं काम. गंमत म्हणजे नातू वयाने आजोबांपेक्षा चार वर्षांनी मोठे होते आणि काठी टेकत चालायचे. आजोबांचा माणूस खाली आला की जुने खंड मागायचा, नातूंचा आला की गेल्या दोन-चार वर्षांचे अहवाल. हे दोघांनाही सारख्याच मायेने काढून द्यायचे आणि पावती लिहून घ्यायचे.

मी कपडे शिवते. शिवते कसली, जास्त करून उसवतेच. कोणाचं कंबरेत सैल करायचं, कोणाची बाही लांबवायची. बाहेरच्या खोलीत माझं मशीन. त्यामुळे हे घरी येऊन आजोबा-नातूंचं पुराण लावायला लागले की मला माझ्या धंद्यातलंच सुचायचं. एकदा मी म्हटलं, "लहान मुलाचा कपडा शिवताना आम्ही आत चार बोटं माया ठेवतो. मूल वाढणार हे साध्या शिंप्याला कळतं. तुमच्या त्या थोर मंडळींना एवढंही कळलं नाही होय?"

हे जेवता जेवता थांबले. "ठेवली असेल तर सोडता येते. ठेवलीच नसेल तर? कापड कुठून आणशील?"

"जोड देईन."

"मग तो तू शिवलेला कपडा झाला. त्यांचा नाही."

बाकीच्या घरांत नवराबायको उद्या भाजी कुठली ते बोलतात, आमच्याकडे हे. पण त्यात मजा होती, खोटं कशाला बोलू. आपल्या अंगावर काही येत नव्हतं तोवर मजा होती.

ह्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, मूल अकरा महिन्यांचं असताना तापाने गेली. तिचा नवरा चौदाव्या-पंधराव्या दिवशी मुलीला घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "वहिनी, पंधरा दिवस सांभाळा, मी जरा सावरतो." आणि गेला तो गेलाच. पत्ता नाही, पत्र नाही. आम्हाला मूल नव्हतं. देवाने पाठवली वगैरे मी म्हणणार नाही. बापाने टाकली होती आणि आम्ही उचलली, एवढंच. दत्तक घ्यायचं म्हटलं तर बापाची सही लागते, आणि बाप सापडत नव्हता. ह्यांनी दरवर्षी अर्ज केला. दरवर्षी उत्तर आलं, सही आणा.

घरात आम्ही तिला ठकी म्हणायचो. बोलायला लागली तेव्हा ह्यांनी तिला शिकवलं, मी मामा, ही मामी. जे आहे तेच शिकवायचं, असा ह्यांचा हट्ट. 'मामा' तिने चटकन उचललं. माझ्याकडे बोट करून मात्र एक दिवस मशीनशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "आई." हे म्हणाले, "मामी." ती म्हणाली, "आई." असं चार-पाच वेळा झालं. मग हे गप्प बसले. उभ्या आयुष्यात ह्यांनी चालवून घेतलेली चुकीची नोंद ती एवढीच.

आठ वर्षांनी बाप उगवला. राक्षस असता तर बरं झालं असतं. पण तो नीट कपडे घातलेला, केस पिकलेला, खाली मान घालून बोलणारा माणूस होता. दुसरं लग्न केलेलं, नोकरी, स्वतःचं घर. म्हणाला, "तेव्हा मला तिचा चेहरा बघवत नव्हता. चूक झाली. पण मुलगी माझी आहे." ठकीने त्याला बघून माझ्या पदराआड तोंड लपवलं, आणि मी त्याला जे नाही ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दावा लावला.

खालच्या कोर्टाने मुलगी आम्हाला दिली. मधल्या कोर्टानेही दिली. मग तो ह्यांच्या कोर्टात आला, थेट घटनेवर बोट ठेवून. मुलांचं एक कलम आहे: मुलाला त्याच्या आईवडिलांपासून कोणीही तोडू शकणार नाही. एवढंच वाक्य. आईवडील म्हणजे जन्म दिलेले की वाढवलेले, हे त्यात लिहिलेलं नाही. तीन न्यायाधीश बसले. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला नातू आणि मध्ये मुख्य न्यायाधीश, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. आजोबा कुठे जाणार ते सगळ्यांना माहीत होतं, नातूंचंही माहीत होतं. आमच्या वकीलीणबाई म्हणाल्या, "सगळं मोठ्या बाईंवर आहे. लिहिणाऱ्यांनी हा विचार केलाच नव्हता, जागा मोकळी आहे, असं त्यांना वाटलं तर त्या नातूंबरोबर जातील. ठकी तुमची."

ह्यांनी पहिल्याच दिवशी ग्रंथालयाच्या साहेबांना लिहून दिलं, की हा माझ्या घरचा खटला आहे, निकाल लागेपर्यंत मी त्या खणाला हात लावणार नाही. रजा टाकली आणि घरी बसले. रजेवर बसलेला हा माणूस म्हणजे नुसता वैताग. माझे दोऱ्याचे रीळ रंगांप्रमाणे लावून ठेवले, ते मला आठवडाभर सापडेनात.

अशाच एका रविवारी दुपारी हे माझ्या कात्रीला धार लावत बसले होते. ठकी शेजारी खेळायला गेलेली. एकदम म्हणाले, "एक कार्ड आहे."

"कसलं?"

"पुरवणी खंडातलं. पान चारशे सहा. तिथे एक शाळामास्तरीण सभासद होती. तिने सुचवलं होतं, की कलमात 'आईवडील' ह्याच्यापुढे 'किंवा ज्यांनी त्याला वाढवलं ते' एवढे शब्द घाला. त्यावर मतदान झालं. सूचना पडली. एकोणीस मतांनी."

म्हणजे जागा मोकळी नव्हती. त्या लोकांनी विचार केला होता, आणि नको म्हटलं होतं.

"कोणाला माहीत आहे हे?"

"कोणालाच नाही. मला. पुरवणी खंडाला सूची नव्हतीच. मीच शोधलं."

मग मला आठवलं. ठकीच्या जन्माच्याही पाच वर्षं आधीची गोष्ट. हे एका संध्याकाळी उड्या मारत घरी आले होते, कोणाला न सापडलेलं मतदान सापडलं म्हणून. मला बाहेर जेवायला नेलं होतं. मी दोनदा आइस्क्रीम मागवलं होतं. त्याच कार्डाच्या आनंदात.

मी म्हटलं, "काढून टाका ते. जाळा, फाडा, गिळून टाका."

"काढायची गरज नाही. ते मुलांच्या खणात नाहीच, मतदानांचा मी वेगळा खण केलाय, त्यात आहे. मुलांच्या खणात त्रेसष्ट कार्डं आहेत, तेवढीच त्यांच्या हाताला लागतील. मी गेलो नाही तर चौसष्टावं कोणाला सापडणार नाही."

"मग जाऊ नका."

हे धार लावत राहिले.

"मला सांगितलंत तरी कशाला?" मी ओरडले.

"तुला न सांगणं बरोबर दिसलं नसतं."

मी त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला. सत्तावीस वर्षांचा संसार, आणि ह्यांना एवढंसुद्धा ओळखलं नाही मी.

वकिलांची भाषणं संपली त्याच्या तिसऱ्या दिवशी फोन आला. मोठ्या बाईंना मुलांच्या कलमाबद्दल घटना लिहिणारे जे जे बोलले ते सगळं हवं होतं, आणि तळघरात कार्डांवरच्या ह्यांच्या खुणा, बाण, आकडे कोणाला लागत नव्हते. साहेबांनी दोन्ही बाजूंच्या वकिलांना विचारलं. दोघंही म्हणाले, येऊ दे त्यांना, आमची हरकत नाही. हे शर्ट घालायला लागले. मी दारात उभी राहिले. आडवी पडले असते, पण ठकी घरात होती.

"ताप आला म्हणून सांगा," मी म्हटलं.

"ताप नाहीये."

एक वाजता परत आले. हातपाय धुतले, पंच्याने तोंड पुसलं. मी विचारलं, "किती दिलीत?"

"मागितली होती तेवढी. सगळी."

"किती?"

"चौसष्ट."

मी ओरडले नाही. मशीनवर एका शाळेच्या गणवेशाची बाही होती, ती पुरी केली. मग दुसरी केली. दुसरी उलटी लागली होती, ती उसवून परत लावली. त्या दिवसापासून मला जे बधिरपण आलं ते अजून पुरतं गेलेलं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, निदान काहीतरी आलं असतं. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो पण आपला वाटत नाही, तशी सगळी मी.

निकाल दोन विरुद्ध एक. मोठ्या बाईंनी चष्मा काढून, पुन्हा घालून वाचलं: घटना लिहिणाऱ्यांनी हे दार पाहिलं होतं आणि विचार करून लावून घेतलं होतं. ते उघडायचं तर कायदे करणाऱ्यांनी उघडावं, आम्हाला तो अधिकार नाही. खाली आधार: पुरवणी खंड, पान चारशे सहा. आजोबा म्हणाले, ह्या निकालाने मला समाधान नाही, पण माझं समाधान हा घटनेचा अर्थ नव्हे. नातूंनी चाळीस मिनिटं उलट बाजूने वाचलं. ते मतदान झालं तेव्हा ही मुलगी जन्मायची होती, म्हणाले; ज्यांनी हात वर केले त्यांच्यासमोर ती उभी असती तर किती हात वर राहिले असते? पण एकाचं मत ते एकाचं मत. त्याचा आम्हाला उपयोग नव्हता.

कायदे करणाऱ्यांनी अजून काही केलेलं नाही.

मुलीला न्यायला बाप यायच्या आधी आठ दिवस मिळाले. मी ठकीला निळा फ्रॉक शिवला. चारच्या जागी सहा बोटं माया ठेवली, कमरेत आणि खाली घेरालाही. ती स्टुलावर बसून पाय हलवत बघत होती. "आई, मी परत कधी येणार?" मी म्हटलं, "सुट्टीत." "सुट्टी कधी?" "परीक्षा झाल्यावर." असं शाळेतल्यासारखं बोलत होतो आम्ही. गाडीत बसताना ती रडली नाही, मीही नाही. हे रडले. सगळ्या गल्लीसमोर, फाटकाचा खांब धरून. मला त्यांची दया आली नाही. उलट वाटलं, आता रड, टाचणराव.

पुढचं वर्ष कसं गेलं विचाराल तर सांगता येणार नाही. गेलं. चहा निवून जायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, "बाई, तुम्ही हल्ली दोनदा माप घेता." हे तळघरात जात होते, चिठ्ठ्या चिकटवत होते. एक दिवस येऊन म्हणाले, "आज त्या निकालाचं कार्ड केलं." मी म्हटलं, "जेवायला वाढू?" आमच्यात बोलणं उरलं ते एवढंच: वाढू का, दिवा मालवा, किल्ली कुठे आहे.

सुट्टीत बापाने तिला खरंच पाठवलं. चार दिवसांसाठी, शब्द पाळून. म्हटलं ना, वाईट माणूस नाही. ठकी फाटकातून आत आली, आणि अंगात निळा फ्रॉक. हातभर वाढली होती. मी आधी तिचा चेहरा बघायला हवा होता, पण डोळे घेरावर गेले. माया सोडलेली होती. जुन्या दुमडीची रेघ दिसत होती, आणि खाली नवीन टीप, जरा गडद दोऱ्याची, पण सुबक. हाताने घातलेली. त्या दुसरीला शिवता येतं तर. मी खाली बसून घेर उलटून पाहिला. आत काही शिल्लक नव्हतं. सहाच्या सहा बोटं एका वर्षात संपली होती.

ती आपल्या जुन्या स्टुलावर जाऊन बसली, पाय आता जमिनीला टेकत होते. इकडेतिकडे बघितलं, रिळांच्या खोक्यात बोट घालून बघितलं. मग म्हणाली, "मामी, पाणी देतेस?"

मी पाणी दिलं. भांडं हातातून पडलं वगैरे काही झालं नाही.

हे आतल्या दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. आले, आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले, गुडघे दुखतात तरी. "ठके, हिला काय म्हणायचीस तू?"

तिने खाली बघितलं. "आई."

"मग?"

"बाबा म्हणाले, जे आहे तेच म्हणायचं. आई तिकडे आहे. एक फोटोतली आहे. ही मामी."

"तसं नसतं गं," हे म्हणाले. मी दचकले. ह्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. "तसं नसतं, बाळा. तुला वाढवलंय हिने. आई म्हण. मी सांगतो, म्हण."

ठकीने पाण्याचं भांडं दोन्ही हातांत धरलं होतं. ती ह्यांच्याकडे बघेना, माझ्याकडे बघायला लागली. म्हणू का, असं विचारल्यासारखं. मी नुसती मान हलवली असती तरी तिने म्हटलं असतं. वर्षभर मी तेवढ्यासाठीच जगत होते.

"असू दे," मी म्हटलं. "मामीच आहे मी. पान चारशे सहा."

ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तसेच जमिनीवर बसून राहिले. ठकी पाणी प्यायली. मग मी टेप घेतला आणि तिला उभं राहायला सांगितलं, नवीन फ्रॉकाचं माप घ्यायचं होतं.